खोट्या अशोकाचे राज्य

महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात ‘अशोकाचे झाड दाखवा’ असे म्हटले, तर बहुतेक माणसे गृहनिर्माण संस्थेच्या कुंपणाला लागून उभ्या असलेल्या, मिटलेल्या छत्रीसारख्या दिसणाऱ्या एका उंच हिरव्या झाडाकडे बोट दाखवतील. त्या झाडाचा रामायणातील अशोकवनाशी, कालिदासाच्या नाटकातील अशोकाशी किंवा आयुर्वेदातील अशोकाशी काहीही संबंध नाही. ते सीताफळाच्या कुळातील झाड आहे. जाणकार त्याला ‘खोटा अशोक’ किंवा ‘आसुपालव’ म्हणतात. नावाची ही गफलत एवढ्यावरच थांबली असती, तर तिची चर्चा वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सुरू होऊन तेथेच संपली असती. परंतु हे झाड शहरात एवढ्या संख्येने का आले, कोणाच्या सोयीने आले आणि त्याने कोणाच्या डोक्यावरचे छत्र हिरावून घेतले, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नाही. तो सार्वजनिक पैशाचा, सार्वजनिक जागेचा आणि कष्टकऱ्याच्या जीविताचा प्रश्न आहे. ‘सुशोभीकरण’ या निरुपद्रवी शब्दाआड तो आजवर दडून राहिला, म्हणूनच तो उघड्यावर आणणे आवश्यक आहे.

प्रथम खऱ्या अशोकाविषयी. सीता अशोक हा उष्ण कटिबंधातील सदाहरित अरण्याचा रहिवासी आहे. कोकण आणि गोव्यापासून केरळपर्यंतच्या सह्याद्रीत, ओढ्याकाठच्या ओलसर सावलीत तो वाढतो. शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील हे मध्यम उंचीचे झाड सावकाश वाढते. त्याची कोवळी पालवी तांबूस रंगाची असून झुबक्यांनी खाली लोंबत असते. शिशिराच्या अखेरीपासून वसंतापर्यंत त्याला नारिंगी फुलांचे गुच्छ येतात आणि दिवसागणिक ते लाल होत जातात. हे गुच्छ फांद्यांवरच काय, जुन्या खोडावरही फुटतात. सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाल्यावाचून अशोक फुलत नाही हा कविसंकेत ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या कथानकाचा कणाच आहे. असे हे झाड आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेले आहे. ते तेथे का जाऊन पोचले, याचा विचार पुढे येईलच.

आता त्याच्या नावावर जगणाऱ्या दुसऱ्या झाडाविषयी. आसुपालवही परदेशी नव्हे. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचे मूळ घर. तेही सदाहरित. त्याच्या पानांची तोरणे दाराला लागतात, फळांवर कोकिळा आणि वटवाघळे गुजराण करतात, पानांवर काही फुलपाखरांच्या अळ्या पोसतात. झाड म्हणून त्याच्यात खोट काढण्याचे काहीच कारण नाही. शिवाय एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेतली पाहिजे. मूळ आसुपालव हा फांद्या पसरणारा, दाट पानांचा, उत्तम सावली देणारा वृक्ष आहे. जुन्या बागांतून आणि रस्त्यांच्या कडेने असे वृक्ष आजही आढळतात. शहरांनी मात्र तो निवडला नाही. त्यांनी त्याचा दुसरा प्रकार निवडला. या प्रकाराच्या फांद्या आखूड असतात आणि खोडाला चिकटून खाली झुकलेल्या असतात. परिणामी झाड खांबासारखे उभेच्या उभे वाढते आणि भर दुपारी त्याची सावली त्याच्याच बुंध्यापुरती पडते. एकाच झाडाचे दोन प्रकार समोर असताना नेमका सावली न देणारा प्रकार निवडला गेला, ही घटना योगायोगाची नाही. निवड झाली, आणि ती हिशेबाने झाली.

हा हिशेब कोणाचा? पहिला हिशेब जमिनीचा. ज्या शहरात चौरस फुटाला सोन्याचा भाव आला, तेथे पसरणारे झाड इमारतीच्या मालकाला अडचणीचे वाटू लागले. वडाला किंवा चिंचेला वाढू द्यायचे म्हणजे भूखंडाचा एक तुकडा झाडाच्या नावे सोडून द्यायचा. खांबासारखे झाड जागा मागत नाही. भिंतीला लागून हातभर मातीच्या पट्ट्यात दोन डझन झाडे ओळीने लावली की इमारतीच्या जाहिरातीत ‘हिरवाई’ लिहिता येते, शेजारची झोपडपट्टी नजरेआड होते आणि मोटारींसाठी एक जागाही कमी होत नाही. ही झाडे सावलीसाठी लावलेलीच नाहीत. ती पडद्यासाठी लावली आहेत. झोपडीतून सदनिका दिसली तरी चालेल, सदनिकेतून झोपडी दिसता कामा नये, हा त्या पडद्यामागचा विचार आहे.

दुसरा हिशेब कंत्राटाचा. नगरपालिकेचे सुशोभीकरणाचे काम निघते तेव्हा मोजमाप कशाचे होते? रोपांच्या संख्येचे, त्यांच्या उंचीचे आणि फार तर दोन रोपांमधील अंतराचे. दहा वर्षांनी त्या झाडाखाली किती माणसे उन्हापासून वाचतील, याचे मोजमाप कोणत्याही निविदेत नसते. सरळ वर जाणारे, गुरे सहसा न खाणारे, छाटणीची फारशी अपेक्षा न ठेवणारे आणि छायाचित्रात रांगेत शोभणारे झाड कंत्राटदाराला परवडते. उद्यान विभागाला ते सोयीचे वाटते, कारण त्याची फांदी विजेच्या तारेत अडकत नाही आणि दुकानाच्या पाटीवर येत नाही. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यालाही ते आवडते, कारण ते एका कार्यकाळात दिसण्याइतके उंच होते. बांधकाम व्यावसायिक, कंत्राटदार, अधिकारी आणि पुढारी अशा चौघांचे हितसंबंध ज्या झाडात एकवटले, ते शहराचे झाड झाले. ज्याला त्या झाडाखाली उभे राहायचे होते, त्याला कोणी विचारले नाही.

तो कोण? सकाळी सहा वाजता रस्ता झाडायला सुरुवात करणारी सफाई कामगार स्त्री. कामाच्या आशेने नाक्यावर दुपारपर्यंत ताटकळणारा मजूर. टोपलीत पालेभाजी घेऊन पदपथावर बसणारी भाजीवाली, हातगाडी ओढणारा हमाल, बसची वाट पाहणारी शाळकरी मुले, रुग्णालयाच्या आवारात दिवस काढणारे खेड्यातून आलेले नातेवाईक. वातानुकूलित मोटारीतून जाणाऱ्याला झाड हे खिडकीबाहेरचे दृश्य असते. या माणसांना मात्र झाड हे छप्पर असते. ज्याचे सारे आयुष्य रस्त्यावर जाते, त्याच्या घराचा अर्धा भाग रस्त्यावरच्या झाडाने बांधलेला असतो. तेव्हा सावलीचे झाड काढून शोभेचे झाड लावणे म्हणजे गरिबाच्या घराचे छप्पर काढून श्रीमंताच्या दिवाणखान्यात चित्र टांगणे होय.

यात अतिशयोक्ती आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी उन्हाने मरणाऱ्या माणसांकडे पाहावे. मे २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबाद शहरात नेहमीच्या प्रमाणापेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे संशोधकांनी पुढे दाखवून दिले. त्यानंतर, २०१३ साली, त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याची योजना आखली. महाराष्ट्रात १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सरकारी सोहळ्यासाठी लाखोंचा समुदाय उघड्या मैदानात तासन्‌तास उन्हात बसला. त्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. उष्णता सर्वांना सारखीच लागते हे खरे नाही. तापमापकातील पारा सर्वांसाठी एकच असला, तरी ऊन कोणाच्या डोक्यावर पडते हे माणसाच्या धंद्यावर आणि ऐपतीवर ठरते. विस्तीर्ण पर्णसंभाराचे झाड ऊन अडवते, खालची जमीन तापू देत नाही आणि पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवा थंड करते. वीज न लागणारे, भाडे न घेणारे आणि दाराशी पहारेकरी नसलेले हे एकमेव शीतगृह गरिबाच्या वाट्याला आलेले होते. सुशोभीकरणाने नेमका त्यावर घाला घातला आहे.

ज्या नावाची ही विटंबना चालली आहे, त्या नावाचा एक सम्राट या देशात होऊन गेला. आपल्या सातव्या स्तंभलेखात त्याने आपल्या कामांची जी नोंद केली आहे, तीत रस्त्यांच्या कडेने पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून वड लावल्याचा, आमराया उभारल्याचा आणि विहिरी खोदल्याचा उल्लेख आहे. यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे राजा झाडाची जात सांगतो. दुसरी म्हणजे तो हेतू सांगतो, आणि त्या हेतूत माणसाबरोबर जनावरालाही स्थान देतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाला झाड कोणते आणि कोणासाठी हे दगडावर कोरून सांगावेसे वाटले. आजच्या लोकनियुक्त संस्था मात्र किती झाडे लावली एवढेच फलकावर रंगवतात. सम्राट अशोकाने वड लावला, आणि त्याच्या वारसांनी रस्त्यावर त्याच्या नावाचे बिनसावलीचे झाड आणून उभे केले!

मराठी मुलखालाही या विचाराची ओळख नव्हती असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा, फणसासारख्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, अशी ताकीद आहे. झाड हे कोणाच्या तरी श्रमाचे आणि कोणाच्या तरी गरजेचे असते, ही जाण त्या ताकिदीत आहे. गावोगावच्या वडापिंपळाला बांधलेला पार हीदेखील याच जाणिवेची खूण होती. पारावर पंचायत बसे, वाटसरू टेके, म्हातारे दुपार काढीत, मुले सूरपारंब्या खेळत. खोट्या अशोकाला मात्र पार बांधता येत नाही. बांधला तरी त्यावर बसायला कोणी येणार नाही, कारण तेथे सावलीच नाही. पार गेला म्हणजे फक्त दगडांचा ओटा गेला असे नव्हे. अनोळखी माणसांनी पैसे न मोजता एकत्र बसण्याची जागा गेली.

परंतु पाराचे गोडवे गाताना एक सत्य विसरणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. गावचा पार सर्वांचा नव्हता. गावकुसाबाहेर ज्याला राहावे लागे, त्याला पारावर बसण्याचा अधिकार नव्हता, आणि निसर्गाने सर्वांना दिलेली सावलीही जातीच्या उतरंडीने वाटून घेतली होती. म्हणून जुना पार जसाच्या तसा परत आणणे हे ध्येय असू शकत नाही. शहराच्या रस्त्यावरचे झाड ही त्या दृष्टीने मोठी सुधारणा होती. त्याच्या सावलीत कोण कोणाशेजारी उभा आहे, हे विचारणारा पाटील तेथे नव्हता. जातीने नाकारलेली सावली नगराने देऊ केली आणि तीच आता पैशाने काढून घेतली जात आहे. खरे दुःख या गोष्टीचे आहे.

सुशोभीकरणाचे समर्थक यावर काही आक्षेप घेतात, त्यांचा परामर्श घेणे भाग आहे. पहिला आक्षेप जागेचा. अरुंद रस्त्यावर वड कोठे लावणार, असे विचारले जाते. पण रस्ता अरुंद असला म्हणून पर्याय दोनच उरतात असे नाही. बकुळ हे खुद्द सह्याद्रीच्या सदाहरित वनातील झाड. आटोपशीर आकाराचे, दाट पानांचे आणि बाराही महिने सावली देणारे. करंज मध्यम उंचीचा असून उन्हाळ्याच्या तोंडावर हिरवाकंच होतो. समुद्रकाठी उंडी आहे, कोरड्या भागात कडुनिंब आहे. रुंद रस्त्यांसाठी आणि मैदानांच्या कडेसाठी वड, पिंपळ, चिंच, जांभूळ आहेतच. अडचण झाडांच्या टंचाईची नसून इच्छेच्या टंचाईची आहे. मोटारी उभ्या करायला ज्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जागा सापडते, त्या रस्त्यावर बुंध्याला दोन हात माती सापडत नाही, हे कोणाला पटावे?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मोठी झाडे पावसाळ्यात कोसळतात आणि माणसे मरतात, म्हणून सडसडीत झाडेच बरी, असे सांगण्यात येते. झाड कोसळून माणूस मरतो ही गोष्ट क्षुल्लक नाही. पण ते झाड का कोसळते याची चौकशी किती वेळा होते? दरवर्षी तारा आणि नळ टाकण्यासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तोडली जातात. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले जाते, त्यामुळे मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. छाटणीच्या नावाखाली एकाच बाजूच्या फांद्या उतरवून झाडाचा तोल बिघडवला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील प्रकरणात झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर परिघातील सिमेंट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. आज कोणत्याही शहराच्या कोणत्याही प्रभागात फेरफटका मारावा आणि त्या आदेशातील विचार तेथे किती रुजला ते पाहावे. आधी झाडाचे पाय कापायचे आणि मग ते उभे राहू शकत नाही म्हणून त्याला शिक्षा करायची, हा न्याय झाडांपुरता नवा असला तरी कष्टकऱ्यांना तो चांगलाच परिचयाचा आहे.

तिसरी भूमिका आक्षेपाची नसून फॅशनची आहे. ‘देशी झाडे लावा’ ही घोषणा आता सुशिक्षितांच्या तोंडी रुळली आहे, आणि तिच्या ओघात महागड्या वसाहतींच्या बागांतून खरा सीता अशोकही हौसेने लावला जाऊ लागला आहे. खोट्याच्या जागी खरा आला म्हणजे न्याय झाला, असा समज करून घेणे भाबडेपणाचे होईल. सीता अशोक हे रखरखीत दुभाजकावरचे झाड नाही. त्याला ओल हवी, लहानपणी सावली हवी आणि वाढायला वेळ हवा. विहिरीकाठी, तळ्याकाठी, शाळेच्या अंगणात, रुग्णालयाच्या चौकात त्याला जरूर जागा द्यावी. तेथे तो फुलेल आणि माणसांनाही विसावा देईल. परंतु पहाऱ्याच्या फाटकाआडचा खरा अशोकसुद्धा पदपथावरच्या भाजीवालीच्या दृष्टीने खोटाच आहे. झाड देशी की विदेशी, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पहिला नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पर्जन्यवृक्षाने मुंबईच्या कितीतरी रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या छत्र धरले आणि त्याने कोणाला दाखला विचारला नाही. पहिला प्रश्न हा की झाडाची सावली कुंपणाच्या कोणत्या बाजूला पडते.

या प्रकरणाचे दुसरे टोक शहरात नाही, अरण्यात आहे. सीता अशोकाची साल हे स्त्रियांच्या विकारांवरील आयुर्वेदातील प्रसिद्ध औषध. अशोकारिष्ट तिच्यापासूनच तयार होते. या औषधाची बाजारपेठ वाढत गेली. अशोकाची लागवड मात्र त्या प्रमाणात कोणी केली नाही, कारण सावकाश वाढणाऱ्या झाडात भांडवल गुंतवून पंधरा-वीस वर्षे थांबण्याची तयारी नफ्याच्या गणितात बसत नाही. तेव्हा साल आली ती मुख्यतः जंगलातल्या झाडांवरून. सालीच्या उभ्या पट्ट्या बेताने काढल्या तर झाड जखम भरून काढू शकते. खोडाभोवतालची साल सरसकट ओरबाडली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचण्याचा मार्ग तुटतो आणि झाड उभ्याउभ्या मरते. वजनावर पैसे मोजणारा व्यापारी आणि आजच्या चुलीसाठी साल काढणारा गरीब यांच्यामधील व्यवहारात बेताला जागा कोठून राहणार? झाड मेल्याचा दोष साल काढणाऱ्याच्या माथी मारणे सोपे असते. परंतु भाव ठरवणारा तो नसतो, आणि बाटलीवर छापलेल्या किमतीतला किती अंश त्याच्या हाती पडतो, हे कोणी विचारीत नाही. वनहक्क कायद्याने २००६ साली औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावरील स्वामित्व आदिवासी व अन्य पारंपरिक वननिवासींना दिले. ते स्वामित्व कागदावरून प्रत्यक्षात आले, साल काढण्याचे नियम आणि भाव ग्रामसभेने ठरवले, तरच सीता अशोक अरण्यात टिकेल.

आणि या ठिकाणी शहरातला खोटा अशोक पुन्हा भेटतो. खरी साल दुर्मिळ आणि महाग झाली, तेव्हा तिच्यात आसुपालवाच्या सालीची भेसळ होऊ लागली. ही भेसळ औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहे. नावाचा सारखेपणा व्यापाऱ्याच्या पथ्यावर पडला. म्हणजे ज्या झाडाने रस्त्यावरच्या स्त्रीला सावली नाकारली, त्याचीच साल औषध म्हणून तिच्या गळी उतरवली जाण्याची सोय झाली! खोट्याला खऱ्याचे नाव देण्याची किंमत शेवटी कोण मोजते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. प्रत्येक वेळी फसवणूक वेगळ्या बाजारात होते, पण फसणारा वर्ग एकच असतो.

कायदा या बाबतीत पूर्णपणे मुका नाही. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे. त्याने वृक्ष प्राधिकरणे निर्माण केली, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे बंधन घातले आणि प्रत्येक वस्तीत, प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर किती व कोणत्या प्रकारची झाडे असावीत याची मानके ठरविण्याचे कामही प्राधिकरणावर सोपवले. ‘किती’च्या जोडीला ‘कोणत्या प्रकारची’ हे शब्द कायद्यात आहेत. कारभारात मात्र ‘किती’ तेवढे उरले. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. हेतू स्तुत्य आहे. पण एका वडाच्या बदल्यात पन्नास खांब उभे करून आकडा जुळवण्याची वाट मोकळी राहिली, तर गणित बरोबर येईल आणि सावली नाहीशी होईल. २०१६ ते २०१९ या काळात राज्यभर पन्नास कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. पुढे, २०२१ मध्ये, तिच्या चौकशीसाठी समिती नेमण्याची घोषणा विधानसभेत करावी लागली. आकड्यांच्या मागे धावणाऱ्या हरित धोरणाचा शेवट बहुधा आकड्यांच्या चौकशीतच होतो.

मुंबईच्या २०१८ साली पूर्ण झालेल्या वृक्षगणनेचे आकडे या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. त्यांपैकी १५ लाखांहून अधिक खासगी आवारांत होती. रस्त्याच्या कडेला होती दोन लाखांहूनही कमी. एकूण आकडा ऐकून मुंबईकराने समाधान मानावे, अशी व्यवस्थेची अपेक्षा असते. परंतु रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला शहराच्या दर पंधरा झाडांतून एखादेच येते, ही गोष्ट त्या एकूण आकड्याच्या पोटात झाकली जाते. संपत्तीची सरासरी काढून गरिबी झाकण्याची कला या देशात जुनीच आहे. आता ती झाडांनाही लागू झाली.

तेव्हा मागणी सौंदर्याच्या विरोधात नाही. कष्टकऱ्याला सौंदर्य नको असते, असे मानणारा माणूस कष्टकऱ्याला ओळखत नाही. मागणी एवढीच की सार्वजनिक पैशाने लावलेल्या प्रत्येक झाडाने प्रथम सार्वजनिक काम करावे. वृक्षलागवडीच्या प्रत्येक निविदेत संख्येबरोबर जात नमूद असावी आणि लावल्यापासून दहा वर्षांनी किती जमिनीवर सावली पडणे अपेक्षित आहे, हेही लिहिलेले असावे. बसथांबे, मजुरांचे नाके, भाजीबाजार, रुग्णालये आणि शाळा यांच्या परिसरात विस्तीर्ण पर्णसंभाराचीच झाडे लागावीत. २०१४ च्या कायद्यानुसार फेरीवाल्यांसाठी जागा ठरविताना तेथे सावली आहे की नाही, याची नोंद व्हावी आणि नसल्यास ती निर्माण करण्याची जबाबदारी नगरपालिकेने घ्यावी. वृक्षगणनेत झाडांच्या संख्येबरोबर त्यांच्या छत्राचे मापही प्रभागवार प्रसिद्ध व्हावे, म्हणजे कोणती वस्ती उन्हात आणि कोणती सावलीत, हे सर्वांना दिसेल. तोडलेल्या झाडाची भरपाई त्याच वस्तीत व्हावी. दादरचा वड तोडून त्याची रोपे शहराबाहेरच्या टेकडीवर लावल्याने दादरच्या हमालाचे ऊन कमी होत नाही.

यांतील कोणतीही मागणी खर्चिक नाही. नव्या कायद्याची तर जवळजवळ गरजच नाही. जो कायदा आहे त्यातील ‘कोणत्या प्रकारची’ हे शब्द जिवंत करायचे आहेत. ते काम मंत्रालयात होणार नाही, प्रभागात होईल. वृक्ष प्राधिकरणाच्या बैठका कधी होतात, सुशोभीकरणाच्या कामांचे अंदाजपत्रक काय असते, रोपांची यादी कोण ठरवतो, हे प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. वॉर्डातल्या कार्यकर्त्याने एका दुपारी, बाराच्या उन्हात, आपल्या भागातल्या सार्वजनिक रस्त्यावरून चालावे, कोणत्या झाडाखाली किती माणसे उभी आहेत ते मोजावे आणि तो तक्ता नगरसेवकासमोर ठेवावा. ज्या झाडांखाली शून्य लिहावे लागेल, त्यांच्या रांगा कोणी लावल्या, का लावल्या आणि किती पैशाने लावल्या, याचे उत्तर मिळेपर्यंत तो तक्ता मागे घेऊ नये.

अशोक म्हणजे शोक नाहीसा करणारा. हे नाव धारण करण्याचा अधिकार कोणत्या झाडाला आहे, ते संस्कृत कोशाने ठरवायचे नाही आणि रोपवाटिकेच्या पाटीनेही ठरवायचे नाही. चैत्राच्या दुपारी डोक्यावरची पाटी खाली ठेवून मजूर बाई ज्याच्या बुंध्याशी घटकाभर टेकते, ते झाड वड असो, करंज असो की बकुळ, तिच्यापुरता तोच खरा अशोक होय.